पाच बाय पाच, पोलीस भरती आणि वेचणीचे दिवस

प्रश्न: सर, मी दारव्हा तालुक्यातला. वय २१, वजन ६४ किलो. घरी कापूस, तूर अन् सोयाबीन आहे. मोबाइलवर मिळालेला ५ बाय ५ चा प्रोग्राम तीन महिन्यांपासून करतो. एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि बारबेल रो. दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस आणि डेडलिफ्ट. गावच्या व्यायामशाळेत एक रॉड, प्लेटा, दोन-चार डंबेल अन् एक बेंच आहे. स्क्वॉटचा स्टँड नाही. मला पोलीस भरती द्यायची आहे. पण स्क्वॉट केला की दोन दिवस धावता येत नाही, बेंचला उजवा खांदा दुखते, आणि वेचणी सुरू झाल्यापासून डेडलिफ्टचा रॉड पाहूनच कंबर दुखते. यातले व्यायाम बदलले तर चालतील काय? की बदलले म्हणजे प्रोग्रामच मोडला? लहान बहीणही भरतीची तयारी करते, तिनं हाच करावा काय? आणि काका (वय ४८, शुगर आहे, गुडघा दुखते) म्हणतात मीही येतो.

उत्तर: बदलले तर चालतात; तुझ्या बाबतीत तर बदललेच पाहिजेत. व्यायाम बदलल्यानं प्रोग्राम मोडत नाही. तो मोडतो दर पंधरा दिवसांनी बदल केल्यानं, नाहीतर काढून टाकलेल्या व्यायामाचं काम कोणाकडेच न दिल्यानं. सालगडी सुट्टीवर गेला तर बैलांचं चारा-पाणी दुसऱ्या कोणाला तरी सांगावं लागते, तसंच हे आहे. आमच्या व्यायामशाळेत मात्र वेगळंच दिसते. ज्याला जो व्यायाम जड जातो, नेमका तोच त्याला ‘सूट होत नाही’. पायाचा दिवस आला की गुडघा आठवते, अन् छाती-बायसेप्सच्या दिवशी गडी ठणठणीत. तुझी तिन्ही कारणं तशी पळवाटीची वाटत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हा प्रोग्राम कोणासाठी आहे ते पाहा. ५ सेट, प्रत्येकी ५ रिप्स (म्हणजे सलग पाच वेळा), आठवड्यात तीन दिवस, आणि दर वेळी रॉडवर अडीच किलो वाढवायचे. ज्याला रॉडवर जास्तीत जास्त वजन घ्यायचं आहे आणि बाकी दिवसभर ज्याच्या पायांना दुसरं काम नाही, त्याला तो चांगला लागू पडतो. स्क्वॉट तिन्ही दिवस आहे, कारण तिथं स्क्वॉट वाढवणं हेच ध्येय आहे. तुला मैदानावर कोणी स्क्वॉट विचारणार नाही. शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. पैकीच्या पैकी घ्यायचे तर मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर साडेअकरा सेकंदांत, आणि ७.२६० किलोचा गोळा साडेआठ मीटर. जाहिरात निघाली की तक्ता त्यातूनच पाहून घे, कारण गुणांची वाटणी मध्यंतरी बदललेली आहे आणि जुने तक्ते अजून मोबाइलवर फिरतात.

आता हिशेब कर. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ४०० मीटरची फेरी ७७-७८ सेकंदांत, अशा चार फेऱ्या न थांबता. हे मुख्यतः दमाचं काम. १०० मीटर आणि गोळा हे ताकदीचं आणि झटक्याचं. म्हणजे ५० पैकी ३० गुणांत ताकद थेट उपयोगी पडते, आणि उरलेल्या २० गुणांत ती मागून हात देते, कारण मजबूत पायांना त्याच वेगासाठी कमी दम खर्चावा लागतो. पण तेच पाय दोन-दोन दिवस आखडलेले असतील तर धावण्याचा सराव बुडतो आणि मदतीऐवजी नुकसान होते. तुझं सध्या हेच चाललं आहे.

प्रोग्राममध्ये मुळात चार कामं असतात: गुडघ्यातून वाकून उठणं (स्क्वॉट), कमरेतून वाकून उठणं (डेडलिफ्ट), ढकलणं (बेंच आणि ओव्हरहेड प्रेस) आणि ओढणं (रो). व्यायामाचं नाव काहीही असो, या चारपैकी एकही काम रिकामं राहता कामा नये. हे पाळून अवजार बदल, कोन बदल, एका पायावर कर, सेट कमी कर, सगळं चालते. गरजेप्रमाणे व्यायाम फिरवणं ही मोबाइलनं शिकवलेली गोष्टही नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. मी तिथं शिकलो तेव्हा साधा दंड, हनुमान दंड, वृश्चिक दंड असा एकाच दंडाचा वेगवेगळा वापर जुने वस्ताद करून घेत. ज्याला जे पाहिजे, त्याला तो दंड.

स्क्वॉटपासून सुरू करू. स्टँड नाही म्हणतोस, म्हणजे दोन दोस्त दोन्हीकडून रॉड उचलून तुझ्या मानेवर ठेवत असणार. हे सगळ्यात आधी बंद कर. उतरवताना एकानं आधी हात सोडला की रॉड एका बाजूला कलंडते आणि मान-कंबर दोन्ही पिळून निघतात. त्याऐवजी मागचा पाय बेंचवर ठेवून एका पायाची बैठक घे, ज्याला बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट म्हणतात. बेंचपासून साधारण दोन-अडीच फूट पुढे उभं राहा, मागच्या पायाचं पाऊल उलटं करून बेंचवर टेकव, दोन्ही हातांत डंबेल. सरळ खाली जा, मागचा गुडघा जमिनीपासून चार बोटांवर येऊ दे, आणि पुढच्या पायाच्या टाचेवर जोर देऊन उठ. पुढची टाच उचलली जात असेल तर पाऊल आणखी थोडं पुढे घे. धावताना प्रत्येक पाऊल एकाच पायावर पडते, आणि इथंही एकच पाय काम करते. शिवाय वजन कमी लागते म्हणून कमरेवर भार कमी येते आणि स्टँडची गरजच उरत नाही.

पहिले आठ-दहा दिवस मांड्या जास्तच दुखतील, ते धरूनच चाल. म्हणून सुरुवात हलकी: दोन्ही हातांत मिळून १५-१६ किलो, प्रत्येक पायाचे ६ रिप्सचे दोनच सेट. तिसऱ्या आठवड्यापासून तीन सेट. प्रत्येक सेट अशा ठिकाणी थांबव की अजून दोन रिप्स निघाल्या असत्या. पाय थरथरेपर्यंत ओढायचं हे ज्याला दुसऱ्या दिवशी धावायचं नाही त्यानं करावं.

डंबेल कमी पडले तर गोणी बनव. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, तिच्यात रेती ठासून भरली तर ४५ च्या बरीच वर जाते, तेवढी सध्या नको. रिकामी गोणी झटकून, दोन पाण्यांनी धुऊन वाळव. आत जाड पन्नीची पिशवी, तिच्यात चाळलेली कोरडी रेती २० किलो, पिशवीचं तोंड दोनदा पीळ देऊन सुतळीनं बांध आणि गोणी वरून शिव. गोणी अर्धीअधिक रिकामी राहते, ते बरंच आहे. पकडायला जागा मिळते आणि आतली रेती हलते, त्यामुळे पोट-पाठ आपोआप ताणून धरावं लागते. ही गोणी छातीशी कवळून साधी बैठक मारली तरी स्क्वॉटचं काम बऱ्यापैकी निघते. वजन वेचणीचा कापूस मोजायच्या काट्यावर कर. त्याच काट्यावर व्यायामशाळेतला रॉडही मोजून घे. ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असते, पण गावातले साधे रॉड त्याहून बरेच हलके असतात, आणि पोरं वहीत २० धरूनच बेरीज लिहितात.

एक गोष्ट इथंच सांगतो. कीटकनाशकाच्या रिकाम्या कॅनीत पाणी-रेती भरून डंबेल बनवणारी पोरं मी पाहिली आहेत. कितीही धुतली तरी ती कॅन नको. आणि फवारणीच्या दिवशी व्यायामही नको. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, हे तुला सांगायला नको. पंप पाठीवर घेऊन दिवसभर हिंडल्यावर अंगात घाम असते, कपड्यांवर औषध असते. साबणानं आंघोळ, कपडे वेगळे, आणि त्या दिवशी आराम.

आता सेट किती? आजवर तू आठवड्याला स्क्वॉटचे १५ सेट करत होतास, वर धावणं, वर शेती. पाय आखडणारच. पायांच्या ताकदीचे दोनच दिवस ठेव, दिवसाला तीन सेट. तीन महिने ५ बाय ५ करून कमावलेली ताकद एवढ्यात उतरत नाही. ताकद कमावायला जेवढे सेट लागतात त्याहून फार थोडे ती टिकवायला पुरतात, फक्त वजन हलकं होऊ द्यायचं नाही. आणि दिवसाची मांडणी अशी: ज्या दिवशी पहाटे कडक धावलास, त्याच दिवशी संध्याकाळी पायांचा व्यायाम. दुसरा दिवस हलका. बरेच जण उलटं करतात, एक दिवस धावणं, एक दिवस पाय. मग आठवड्यात एकही दिवस पाय ताजे राहत नाहीत.

डेडलिफ्टचं कारण मला सगळ्यात पटलं. वेचणीत माणूस सकाळपासून कमरेत अर्धा वाकलेला असते, कमरेला ओटी (कापूस टाकायचं फडकं) बांधलेली, वजन हळूहळू वाढत जाते. पाठीचे स्नायू उचलत काही नाहीत, पण तासन् तास धरून ठेवतात. संध्याकाळी त्याच थकलेल्या पाठीला तू जड रॉड उचलायला लावतोस. डेडलिफ्ट वाईट नाही, वेळ वाईट आहे. म्हणून वेचणी आणि तुरीची कापणी उरकेपर्यंत कमरेतून उठण्याचं काम हिप थ्रस्टला दे. पाठीचा वरचा भाग बेंचच्या कडेला टेकव, पाय जमिनीवर, रॉड मांडी-पोटाच्या सांध्यात. खाली दुमडलेली गोधडी घे, नाहीतर रॉड हाडावर रुतते. टाचांवर जोर देऊन कंबर वर, वर गेल्यावर एक सेकंद पुठ्ठे (कुल्ले) घट्ट आवळ. ३०-४० किलोपासून, ८ रिप्सचे तीन सेट. यात पुठ्ठ्यांना पूर्ण काम मिळते आणि पाठीला आराम. १०० मीटरच्या सुटण्यात पुठ्ठेच तुला ढकलतात.

मांडीच्या मागच्या स्नायूचं काम मात्र हिप थ्रस्टनं पुरतं होत नाही, आणि भरतीच्या मैदानावर १०० मीटर धावताना हाच स्नायू लचकून पोरं लंगडत बाहेर येतात. त्यासाठी नॉर्डिक कर. गुडघ्याखाली पोतं घडी करून टाक, त्यावर गुडघे टेकव, दोस्ताला टाचांवर भार देऊन बसव, आणि डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेघ ठेवून जेवढं सावकाश जमेल तेवढं पुढे झुकत जा. सुटलास की हातांवर झेल, हातांनी ढकलून परत वर ये. चार रिप्सचे दोन सेट, आठवड्यातून दोनदा, बस. फुटबॉल खेळणाऱ्यांवर याचे अभ्यास झाले आहेत आणि त्यात ही दुखापत बरीच कमी झालेली दिसली आहे. पहिल्या आठवड्यात हौसेनं जास्त केलास तर खाली बसता येणार नाही.

फेब्रुवारीनंतर शेतं मोकळी झाली की डेडलिफ्ट परत आण, आधीच्या वजनाच्या साठ टक्क्यांपासून, आठवड्यातून एकदाच. कंबरदुखी मांडीवरून खाली पोटरीपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना घसटत असेल, तर व्यायाम बदलत बसू नकोस, हाडांच्या डॉक्टरांना दाखव. लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटलं किंवा बैठकीची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

खांद्याचं बघू. बेंचवर कोपरं शरीराला काटकोनात पसरलेली असतील तर खांद्याचा पुढचा भाग दुखू शकते. कोपरं थोडी जवळ घेऊन, हलक्या वजनानं एकदा पाहा. तेवढ्यानं थांबलं तर व्यायाम बदलायचीही गरज नाही. नाही थांबलं तर दंड धर. पाय बेंचवर, हात जमिनीवर, आणि वीस-पंचवीस सहज निघू लागले की पाठीवर दहा किलोची लहान गोणी ठेवायला सांग. बेंच करायचीच असेल आणि मागे कोणी धरायला नसेल तर रॉडला क्लिपा लावू नकोस. रॉड छातीवर अडकला तर एका बाजूनं कलवून प्लेटा खाली पाडता येतात. क्लिपा घट्ट असतील तर नाही. दुखण्याचं माप असं ठेव: दहापैकी दोन-तीन इतकं दुखणं, जे दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसते, ते चालते. रात्री कुशीवर झोपू देत नसेल किंवा हात वर उचलायला बळच लागत नसेल तर दाखवून घे.

खरं तर तुझ्या ध्येयासाठी बेंचची मला फारशी गरज वाटत नाही. गोळा उभ्यानं जाते आणि त्याचा जोर पायातून निघून कमरेतून खांद्यापर्यंत येते. बेंचवर पाय झोपलेले असतात. म्हणून ओव्हरहेड प्रेसच्या जागी पुश प्रेस घे. रॉड खांद्यावर, गुडघे थोडेसे मोडून झटक्यात सरळ कर आणि त्या झटक्यावर रॉड डोक्यावर ने. ४ रिप्सचे चार सेट, प्रत्येक रिप जोरात. रॉड सावकाश जाऊ लागला की वजन कमी कर, कारण इथं जोरापेक्षा वेग महत्त्वाचा. आणि गोळा मात्र गोळ्यानंच शिकायचा. आठवड्यातून दोनदा खऱ्या ७.२६० किलोच्या गोळ्याच्या पंधरा-वीस फेकी. पोरं डंबेल मारून खांदे फुगवतात आणि मैदानावर गोळा हातातून वर चेंडूसारखा फेकायला जातात. गोळा मानेशी टेकलेला, कोपर मागे, आणि सुटताना जमिनीशी साधारण ३५ ते ४० अंशांचा कोन. हे एवढं बसलं तर ताकद न वाढवताही अंतर वाढते.

ओढण्याचं काम ठेव, फक्त बारबेल रो वेचणीच्या दिवसांत एका हाताच्या डंबेल रोवर ने, दुसरा हात बेंचवर टेकवून. पाठीला आधार मिळते. पाइपाला लटकून पुल-अप्स निघत असतील तर त्याहून बरं.

पोटऱ्या राहिल्या. तुझ्या प्रोग्राममध्ये त्यांना जागाच नाही आणि भरतीच्या पोरांची नडगी तर हमखास दुखते, कारण डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी किंवा अनवाणीच धावायचं. पायरीवर एका पायानं टाच वर-खाली, १२ ते १५ रिप्स, तीन सेट, शेवटी अंगठ्यावर क्षणभर थांबून. आणि धावणं शक्यतो मातीवर. सोयाबीन सोंगून झालेलं सपाट वावर असेल तर उत्तम, फक्त धसकटं पाहून.

म्हणजे आता संध्याकाळच्या दोन दिवसांत प्रत्येकी पाच-सहा व्यायाम उरतात. एका दिवशी स्प्लिट स्क्वॉट, पुश प्रेस, डंबेल रो, नॉर्डिक. दुसऱ्या दिवशी हिप थ्रस्ट, हलका स्प्लिट स्क्वॉट, दंड, पुल-अप्स, नॉर्डिक. पोटऱ्या दोन्ही दिवशी. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत उरकते. पहाटे आठवड्यातून दोनदा ४०० मीटरच्या फेऱ्या, एकदा पाच-सहा किलोमीटर निवांत आणि गोळा, एकदा १०० मीटरच्या सुटण्याचा सराव आणि गोळा. आठवडी बाजाराच्या दिवशी सुट्टी. सोमवार-बुधवार-शुक्रवारचा हट्ट धरू नकोस. आपल्याकडे आठवडा हंगाम ठरवते. पेरणी-डवरणीत आणि वेचणीत टिकवायचं, आणि शेतं रिकामी असताना वाढवायचं. फक्त तोवर ऊन तापते. एप्रिल-मेमध्ये अकोला-चंद्रपूरकडचा पारा ४५ च्या पुढे जाते, आपल्याकडेही फार वेगळं नसते. त्या दिवसांत साडेसहाच्या आत धावणं संपलेलं पाहिजे.

वजन कसं वाढवायचं? दर वेळी अडीच किलो हा नियम नवख्याला काही महिने साथ देते, मग सोडते. तू त्या टोकाशी आला असशील. आता आधी रिप्स वाढव, मग वजन: ६ रिप्सपासून सुरू कर, तिन्ही सेटमध्ये १० निघाल्या की वजन वाढव आणि परत ६ वर ये. लहान प्लेटा नसलेल्या गावच्या व्यायामशाळेत हाच नियम चालते. पुश प्रेसला हा लावू नकोस. तिथं रिप्स चारच ठेव आणि चारही सेट वेगानं निघाले की थोडं वजन घाल. आणि एकदा ठरवलेला व्यायाम आठ आठवडे हलवायचा नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वाढतं ते शरीराला ती हालचाल कळल्यामुळे. खरी ताकद त्यानंतर दिसते. दर पंधरा दिवसांनी व्यायाम बदलणारा कायम त्या पहिल्या फुगवट्यातच राहते आणि त्याला वाटते प्रगती जोरात आहे.

बदल बरोबर झाला की नाही हे वहीतल्या वजनावरून ठरवू नकोस. दर चार आठवड्यांनी मैदानावर तिन्ही गोष्टी मोज: १६०० मीटर, १०० मीटर, गोळा. हिप थ्रस्ट ४० वरून ८० किलो झाला आणि १०० मीटरचा वेळ तिथंच असेल, तर तो व्यायाम चांगला असूनही तुझ्या कामाचा नाही. तेव्हा बदल. भरतीची तारीख लागली की शेवटचे दोन आठवडे सेट निम्मे कर, वजन तेवढंच ठेव, आणि पायांचा शेवटचा जड दिवस चाचणीच्या पाच दिवस आधी.

खाण्याचं तू विचारलं नाहीस, पण व्यायाम बदलून जे होणार नाही ते यानं होईल. तुझ्या वजनाला दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रथिनं लागतात. भाकर-पोळीतून ३० येतात, दिवसभरात शंभर ग्रॅम डाळीतून २२, चार अंड्यांतून २४, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्यांतून २५-२६. झालं. आपण सोयाबीन पिकवतो, कट्टे भरून बाजार समितीत नेतो आणि घरात वडी खायला मागत नाही. वरून तालुक्याच्या दुकानातून प्रोटीन पावडरचा महागडा डबा आणतो. क्रिएटिन (ताकदीच्या व्यायामासाठी घेतात ती पूड) दिवसाला ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर उपयोग होते, पण अंड्यांचे पैसे काढून नाही. आणि कोणी स्टेरॉइडच्या इंजेक्शनचं नाव काढलं तर त्या माणसाकडे परत जाऊ नकोस.

बहिणीसाठी वेगळा ‘लेडीज’ प्रोग्राम नसते. कामं तीच चार. तिला ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा आहे, म्हणून तिच्या फेऱ्या लहान आणि वेगाच्या. दंड जमिनीवर निघत नसतील तर गुडघे टेकवण्यापेक्षा हात उंच ओट्यावर ठेवून पूर्ण अंग सरळ ठेवून काढावेत, आणि जमू लागले की ओट्यावरून बेंचवर, बेंचवरून पायरीवर, असं खाली यावं. पुश प्रेसला रॉड जड असेल तर डंबेल. मुलांपेक्षा तिला खांद्या-हातांचं काम थोडं जास्त दे. व्यायामशाळेत जाणं घरच्यांना पटत नसेल तर दोन गोण्या आणि एक ओटा यावर तिचे पहिले तीन-चार महिने आरामात निघतात.

पण तिचं हिमोग्लोबिन आधी तपासून घ्या, आणि दोघांचीही सिकलसेलची तपासणी, झालेली नसेल तर. विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) जास्त आहे आणि वाहक असलेल्याला अनेकदा माहीतच नसते, कारण रोजच्या जगण्यात त्याला काही होत नाही. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना जीव तोडून धावलं तर वाहकही कोसळू शकते; क्वचित होते, पण जिवावर बेतते. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. वाहक निघालं तर भरती सोडायची नाही; धावण्याचा वेग आठवड्यामागं हळूहळू वाढवायचा, फेऱ्यांमध्ये जास्त विश्रांती, पाणी भरपूर, आणि पायात अचानक बळ गेल्यासारखं झालं की तिथंच थांबायचं.

काकांना येऊ दे. त्यांचं ध्येय वेगळं: शुगर ताब्यात आणि गुडघ्याचा त्रास कमी. स्नायू काम करतात तेव्हा रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून त्यांना ताकदीचा व्यायाम तुझ्याइतकाच लागू पडते. बैठकीच्या जागी त्यांना बाजेवरून किंवा उंच खुर्चीवरून हात न टेकवता उठ-बस करायला लाव, ८-१० वेळा, तीन सेट. जमलं की खुर्ची थोडी बुटकी. स्प्लिट स्क्वॉट नको, एका लहान पायरीवर चढ-उतार चालेल, ज्या उंचीला गुडघा कुरकुरत नाही तेवढीच. हिप थ्रस्ट बिनवजनाचा, जमिनीवर पडून. ढकलायला भिंतीवरचे दंड, ओढायला हलकं डंबेल. श्वास रोखून काही उचलायचं नाही, बीपी असेल तर मुळीच नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. काही गोळ्यांवर व्यायामानं साखर एकदम खाली येऊ शकते, म्हणून खिशात गुळाचा खडा असावा आणि घाम-थरथर जाणवली की लगेच तोंडात टाकावा. व्यायामशाळेत अनवाणी यायचं नाही, आणि घरी गेल्यावर तळपाय पाहून घ्यायचे. शुगरमध्ये लागलेलं अनेकदा कळत नाही. आठवड्यात तीन दिवस, अर्धा तास. पहिले दोन महिने त्यांना रॉडजवळ फिरकू देऊ नकोस, ते आपणहून हट्ट करतील.